डावा हात

जेनिव्हालने डावा हात खांद्यापर्यंत बिळात घातला होता, गाल चिखलाला टेकला होता, आणि डोक्याशी एकोणीस पोरंपोरी वह्या छातीशी धरून उभी होती. त्यांच्या प्राध्यापिका हेलोईझाबाई गुडघाभर बुटांत चिखल तुडवत जवळ आल्या. "लागला का हाताला?" त्यांनी विचारलं. "लागलाय, बाई. पण तो म्हणतो आधी ओळखपत्र दाखव." पोरं फिदीफिदी हसली. बावन्न वर्षांचा, टकलू, पोट सुटलेला माणूस खारफुटीच्या मुळांमध्ये आडवा पडलेला, आणि तोंडाची टकळी चालूच. मग त्याच्या बोटांना पाठीची ती कडक कड लागली, अंगठा खालून सरकला, आणि हात आपोआप वळला. चाळीस वर्षं हा हात असा वळला नव्हता. बसची तिकिटं फाडली, सुटे दिले, पोरीच्या वेण्या घातल्या, पण हे वळण त्याने कुठे जपून ठेवलं होतं कोण जाणे. खेकडा बाहेर आला, निळसर, मोठा, संतापलेला. "नर आहे. पोटावरची पट्टी बघा, अरुंद. रुंद असती तर परत सोडायची, आत पोरंबाळं असतात." बाईंनी विचारलं, तो कुठे बसलाय हे तुम्हाला कसं कळतं? जेनिव्हाल म्हणाला, "वरचं पाणी तापलेलं असतं. कोपराच्या खाली गार लागायला लागतं. गार लागलं की समजायचं, घर आलं."  बाईंनी खिशातली वही काढली, पेन्सिल थुंकीने ओली केली आणि ते वाक्य लिहून घेतलं. खाली कंसात त्याचं नाव घातलं आणि तारीख टाकली. हे त्याने उलट्या बाजूने वाचलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. जेनिव्हालने कमरेत वाकून नाटकी नमस्कार केला, चिखल नाकावरून ओघळला, आणि त्याला इतका आनंद झाला की छातीत कळ आल्यासारखं वाटलं. मग तो ओहोळाशी हात धुवायला बसला. पाणी गढूळ होत होत स्वच्छ होत गेलं, आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सकाळी सातपासून आत्तापर्यंत, अकरा वाजून गेले होते, त्याला आपल्या पोरीची, इयाराची, एकदाही आठवण झाली नव्हती.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. युनिव्हर्सिटीचे वर्ग सुरू झाल्यापासूनच्या पाच आठवड्यांत असं पहिल्यांदाच झालं होतं. रोज काही ना काही टोचायचं. वर्गात हजेरी घेताना त्याचं आडनाव आलं की टोचायचं, खाणावळीच्या रांगेत ताटात घेवडा पडला की टोचायचं, ग्रंथालयातल्या बाईने पुस्तक सरकवलं की टोचायचं. ते टोचणं त्याला सवयीचं झालं होतं. खरं सांगायचं तर तेवढ्या टोचण्याच्या बदल्यात आपण इथे बसतोय असा त्याने मनाशी सौदा केला होता. आज सकाळी तेही टोचलं नाही. म्हणजे आता इथं आपण फुकट बसलोय. पलीकडे कापिबारिबे नदीच्या पाण्यावर रेसिफेच्या इमारती उलट्या लटकत होत्या, पुलावरून त्याच्याच जुन्या मार्गाची बस जात होती. त्या बसमध्ये कंडक्टरची उंच खुर्ची अजून आहे. माणूस काढला, खुर्ची तशीच ठेवली, बोल्ट उपटायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. लोक तिच्यावर पिशव्या ठेवतात. त्या खुर्चीवर तो सव्वीस वर्षं बसला आणि सव्वीस वर्षं लोकांना बनवलं. "पुढचा थांबा पॅरिस, पासपोर्ट हातात ठेवा." बँकेसमोर बस थांबली की, "ज्यांना लुटायचंय त्यांनी मागच्या दाराने उतरा." एकदा त्याने भर गर्दीत जाहीर केलं होतं की ड्रायव्हरला आज मुलगी झाली, आणि सगळ्या बसने ड्रायव्हरचं अभिनंदन केलं. ड्रायव्हरचं तर लग्नही झालं नव्हतं. मग कार्डाची यंत्रं आली आणि त्याला घरी पाठवलं. त्या दिवशीही तो म्हणाला होता, "यंत्राला एक विनोद सांगून दाखवायला सांगा." कोणी हसलं नाही, कारण सगळ्यांना घरी पाठवलं होतं.

इयाराला समुद्र शिकायचा होता. हे खूळ त्यानेच भरवलेलं. ती लहान असताना तो तिला झोपवताना परीबिरी सांगायचा नाही, त्याला येतच नव्हत्या. तो आपल्या आईच्या गोष्टी सांगायचा, खांबांवरच्या झोपडीच्या, खाली भरतीचं पाणी यायचं त्याच्या, ओहोटीला आई कशी चिखलात उतरायची त्याच्या. "आजी कुठला हात घालायची?" इयारा दर वेळी विचारायची, उत्तर पाठ असून. "डावा. कायम डावा." "का?" "चावला तर उजवा राहतो. उजव्याला उद्या काम असतं." मग ती आपला डावा हात पांघरुणात खोल घालायची, त्याच्या पोटाला चिमटा काढायची आणि खेकडा सापडला म्हणून किंचाळायची. शाळेत तिने भरती-ओहोटीचं कोष्टक तोंडपाठ केलं. बारावीनंतर बेकरीत लागली आणि पावाच्या भट्टीसमोर उभं राहून देशभरच्या परीक्षेचा अभ्यास केला, दोन वर्षं. तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, बाबा, मला एकटीला बसायची भीती वाटते. तो म्हणाला, मी बसतो तुझ्याबरोबर, मला काय काम आहे, यंत्र तिकिटं फाडतंय. रात्रशाळेतून बारावी झालेलीच होती. दोघांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर एकच पुस्तक मध्ये ठेवून वाचलं. ती त्याला गणित शिकवायची आणि तो तिला हसवायचा. लिंदालवा, त्याची बायको, शिवणयंत्रावरून म्हणायची, "एक मेला डॉक्टर होणार नाही दोघांत, माझं वीजबिल मात्र होणार."

निकाल आला तर ह्याचे मार्क जास्त. निबंधाने घात केला. त्याने निबंधात बस लिहिली होती, बसमधली माणसं, जशी बोलतात तशी. इयारा दिवसभर हसत होती, शेजाऱ्यांना सांगत होती, बाबाने मला हरवलं. मग कोणता अभ्यासक्रम हवा ते वेबसाइटवर भरायचे चार दिवस आले. त्यात रोज सकाळी कोण कितवा ते दिसतं, आणि शेवटच्या दिवसापर्यंत नाव काढता-घालता येतं. पहिल्याच दिवशी त्याने गंमत म्हणून आपलं नाव तिच्याच ठिकाणी घातलं, समुद्रविज्ञान, सरकारी शाळेत शिकलेल्यांच्या त्यांच्या राखीव गटात तीन जागा. सकाळी यादी आली. तिसरा जेनिव्हाल, चौथी इयारा. केवढी हसली ती. यादीचा फोटो काढून बेकरीत सगळ्यांना दाखवला. "बघा, सरकारी कागदावर पण हा माझ्या पुढे घुसलाय." चौथ्या दिवशी कामावर जाताना दारातून म्हणाली, "बाबा, आज काढ हं नाव. संध्याकाळी बंद होतंय." "काढतो गं. जाऊ दे थोडा वेळ, मिरवू दे." त्याने जेवण केलं. भात, घेवडा, तळलेला मासा. मग खुर्चीवर बसून फोन काढला. लिंदालवा कोणाचं तरी ब्लाउज शिवत होती. नाव काढण्याचं बटण लाल होतं. अंगठा त्याच्यावर होता. त्याने तिसरा हा आकडा पाहिला. आयुष्यात तो कधी कशात तिसरा आला नव्हता. शाळेतून चौथीत काढला तेव्हा आई म्हणाली होती, एवढं पुरे, खेकड्यांना वाचता येत नाही. त्याला वाटलं, अजून थोडा वेळ बघावं. लिंदालवाने एक बाही लावून संपवली. मग दुसरी घेतली. दुसरी संपली तेव्हा फोन त्याच्या मांडीवर उपडा पडलेला होता आणि तो छपराकडे बघत होता. झोप लागली नव्हती.

संध्याकाळी इयारा आली तेव्हा तो म्हणाला, "साइट अडकली गं. कितीदा दाबलं." आणि साइट अडकते हे सगळ्या देशाला माहीत असल्यामुळे त्याच्यावर सगळ्या देशाने विश्वास ठेवला असता. ती न्हाणीघरात गेली आणि पाणी बराच वेळ वाहत राहिलं. बाहेर आली ती केस पुसत, हसऱ्या तोंडाने. "ठीक आहे ना बाबा. मी प्रतीक्षायादीत पहिली आहे. कोणी ना कोणी पहिल्या महिन्यात सोडतंच, दरवर्षी. तू प्रवेश घे. दोघं मिळून जाऊ." आणि मग तिनेच गल्लीतल्यांना गोळा करून फलक रंगवून घेतला, 'जेनिव्हाल, ५२ व्या वर्षी युनिव्हर्सिटीत', आणि तो टेकडीच्या चढावर दोन खांबांमध्ये ताणला. नव्या विद्यार्थ्याचं डोकं भादरायची तिथली रीत. ह्याच्या डोक्यावर भादरण्यासारखं काही नव्हतं, म्हणून पोरांनी तीस वर्षांची मिशी उडवली. लिंदालवाने दार उघडलं आणि म्हणाली, "आपण कोण?"

आता मिशी अर्धा बोट वाढली होती. कोणी सोडलं नव्हतं.

म्हणजे त्याने प्रयत्न केले नाहीत असं नाही, आणि हे त्याला कोणाला सांगताही येण्यासारखं नव्हतं. त्याच्या गटात दुसरी आलेली तायनारा दूर आतल्या कोरड्या मुलखातून आलेली होती, वसतिगृहात राहायची, सुरुवातीला दर रविवारी रडायची. जेनिव्हालला त्यात आशा दिसली. तो रोज तिच्याशेजारी ताट घेऊन बसायचा आणि मायेने विचारायचा, "आईची आठवण येते का गं? तिकडे आता मका निघाला असेल, नाही? तुझी आई त्याचं कुसकुस कसं करते, नारळाचं दूध घालून?" पोरीचे डोळे भरायचे. तो आपल्या ताटाकडे बघायचा आणि त्याला स्वतःची किळस यायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. आज खेकडा पेटीत गेल्यावर तायनारा ओहोळाशी त्याच्याजवळ येऊन बसली, बूट धुवायला. "काका, एक सांगू? मी दुसऱ्या आठवड्यात बॅग भरली होती." त्याचा हात पाण्यात थांबला. "मग?" "मग तुम्ही रोज विचारायचात ना, आईची आठवण येते का. इथं दुसरं कोणी विचारत नाही. मला वाटलं, चला, एक माणूस आहे. टिकले मी." तिने बूट आपटून चिखल झाडला. "आता नाही जात. तुमच्यामुळे." जेनिव्हालने तोंड उघडलं. त्याला हसू यायला हवं होतं. इतका मोठा पचका त्याने सव्वीस वर्षांत कोणाचा केला नव्हता. "बरं झालं, पोरी," तो म्हणाला, आणि पुन्हा हात धुवायला लागला. हात केव्हाच स्वच्छ झाला होता.

शुक्रवारी बारा वाजता शेवटची मुदत होती. त्याआधी कोणी सोडलं तर प्रतीक्षायादीतल्या पहिल्याला बोलावणार. नंतर कोणी सोडलं तर जागा वर्षभर रिकामी, त्या बसमधल्या खुर्चीसारखी. आज बुधवार. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला, अंगाला चिखलाचा वास, आईचा वास. ती संध्याकाळी अशीच घरात शिरायची आणि तो वास आधी यायचा, आई मागून. त्याला वाटायचं हा गरिबीचा वास आहे. आता एक बाई, पुष्कळ शिकलेली, म्हणते की हा मुळांतून आणि सडलेल्या पानांतून निघणाऱ्या वायूचा वास आहे, आणि त्याचं नाव फळ्यावर लिहिते. त्या नावाने जेनिव्हालचं काहीतरी परत मिळालं होतं. काय ते त्याला सांगता आलं नसतं. आईला चिखलात उतरताना बघून तो पुलावर तोंड फिरवायचा, मित्रांबरोबर असला की, ते तोंड आता परत वळवता येत होतं. आणि हे सगळं इयाराचं होतं. हे तिने मिळवायचं होतं. सोडावं तर कसं सोडावं? तिने पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, बोट नाचवून, "बाबा, माझ्यासाठी म्हणून सोडलंस तर मी त्या जागेवर पाय ठेवणार नाही. लिहून घे. ती तू कमावलीयस." तिचा शब्द म्हणजे दगड, आजीवर गेलेली. कंटाळा आला म्हणून सोडतो म्हणावं, तर रोज घरी येऊन तास तास चिखलाच्या गोष्टी सांगणारा तोच. गुडघे दुखतात म्हणावं, तर ती त्याला तेल चोळेल आणि ढकलत नेईल. तिने जागा घ्यावी असं एकच वाक्य जगात होतं, आणि ते वाक्य म्हटलं की हसणारी इयारा संपली. पुढे बसलेल्या म्हातारीने पिशवी कंडक्टरच्या खुर्चीवर ठेवली. जेनिव्हालने सवयीने म्हटलं, "मावशी, तिला पण तिकीट लागतं." म्हातारी हसली. केवढं सोपं होतं ते.

गुरुवारी दुपारी तो बेकरीच्या मागच्या दाराशी गेला. इयाराची पाळी संपत आली होती, ती पत्र्याचे ट्रे खरवडत होती, कपाळाला पीठ. "अरे, साहेब," ती म्हणाली, "आज तास बुडवला? सांगू का आईला?" तो पालथ्या क्रेटवर बसला. "एक सांगायचंय." "सांग ना. कोणाला बनवलंस आज?" "तुला." ती ट्रे खरवडत राहिली. "त्या दिवशी साइट अडकली नव्हती." "चल, फेकू नकोस." ती हसली, अगदी मनापासून, खालचे वाकडे दात दाखवत. "मग काय, भुताने धरलं होतं?" तो पत्र्याच्या ट्रेकडे बघत राहिला. हसू तिच्या तोंडावर थोडा वेळ तसंच राहिलं, घरातली माणसं निघून गेल्यावर दिवा राहतो तसं. मग तिने ट्रे खाली ठेवला.

"बाबा, माझ्याकडे बघ. किती वेळ बघत बसला होतास?"

"आईची एक बाही लावून झाली तोवर. मग दुसरी."

"आणि मग?"

"मग फोन पालथा घातला."

आत कोणीतरी भट्टीचं दार आपटलं. इयाराने एप्रनला हात पुसले, एकेक बोट वेगळं करून. "त्या फलकाची दोरी मी बांधलीय," ती म्हणाली. "खांबावर चढून. तू खाली शिडी धरली होतीस." "हो." "तेव्हा पण सांगता आलं असतं." "हो." "तू मला म्हणालास, उजवीकडे घे जरा, वाकडा दिसतोय." त्याला हे आठवत नव्हतं. आता आठवलं. तो काहीतरी बोलायला गेला, तर सवयीने जिभेवर एक गमतीचं वाक्य आलं, तयार, चकचकीत, आणि त्याने ते गिळलं.  तिने ट्रे उचलला. "उद्या बारापर्यंत आहे ना मुदत?" "हो." "मग इथे काय करतोयस?"

शुक्रवारी कचेरीच्या खिडकीपाशी अमारो होता, जुना प्रवासी, वीस वर्षं त्याच्या बसने कामाला आलेला. फॉर्म मागितल्यावर तो खुर्चीत मागे रेलून हसायला लागला. "ह्या खेपेला कोणाला बनवायचंय, जेनिव्हाल?" "फॉर्म दे." "कॅमेरा कुठे लपवलाय?" शेजारच्या टेबलावरच्या बाईलाही त्याने बोलावलं, बघा, हा तो बसवाला, पॅरिसवाला. साडेअकरा वाजले होते. जेनिव्हालने खिडकीवर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाला, "अमारो, मी तुला कधी काही मागितलंय? एकदा मी गंमत करत नाहीये असं समज." अमारोने त्याच्याकडे पाहिलं आणि मग मुकाट्याने कागद सरकवला. कारणाच्या रकान्यात जेनिव्हालने लिहिलं, जागा माझी नव्हती. अमारोने वाचलं, डोकं खाजवलं. "असं चालत नाही रे. यंत्र घेत नाही. वैयक्तिक लिही." त्याने खोडून वैयक्तिक लिहिलं. शिक्का बसला. बाहेर पडताना व्हरांड्यात हेलोईझाबाई समोरून आल्या, हातात खेकड्याची पेटी. "सोमवारी ओहोटी दुपारी एक वाजता आहे हं, उशीर करू नका," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. तो म्हणाला, "नाही करणार."

इयाराला मंगळवारी बोलावणं आलं. तिने ते लिंदालवाला सांगितलं. लिंदालवाने फलक उतरवला आणि एवढं चांगलं कापड वाया कशाला घालवायचं म्हणून शिवणयंत्राला त्याचं आवरण शिवलं, त्यावर समोरच '५२ व्या वर्षी' एवढं आलं. ती त्याला काही म्हणाली नाही, म्हणजे तिला सगळं कळलं होतं. इयारा सकाळी कॉफी प्यायची, कुसकुस खायची, बशी धुवायची, निघायची. घरात ती त्याच्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. ती त्याला मीठ द्यायची, दार उघडायची, पण बाबा म्हणायची नाही. गल्लीतल्या लोकांना वाटलं, म्हाताऱ्याने पोरीसाठी त्याग केला. दोघीतिघींनी त्याला मिठी मारली. त्याने मारू दिली. हे सगळ्यात वाईट होतं, आणि ते खोडून काढायला तो प्रत्येक दारात उभा राहून काय सांगणार होता. तो दिवसा खाटेवर पडायचा आणि डोळे मिटून बिळात हात घालायचा, वरचं पाणी कोमट, कोपराखाली गार. मिशी पूर्ण वाढली. आरशात तो जुना कंडक्टर परत आला होता. जेनिव्हालला त्याला काही विनोद सुचवता आला नाही.

तिसऱ्या आठवड्यात तिचं खारफुटीतलं पहिलं प्रात्यक्षिक होतं. सकाळी त्याचे गुडघाभर बूट दाराशी नव्हते. तिला ते दोन बोटं मोठे होणार, टाचेत कागद कोंबायला लागतो, हे सांगायला तो उठला तोवर ती चढ उतरून गेली होती. दिवसभर त्याने ओहोटीचं कोष्टक बघितलं, मग भरतीचं. चार वाजता पायऱ्यांवर बूट वाजले. आधी वास आला. तो दारातच बसला होता, त्याने पाय आखडून वाट दिली. ती शेजारून गेली, न थांबता, न बोलता, केस विस्कटलेले, गालाच्या एका बाजूला चिखल वाळून त्याला भेगा पडलेल्या. उजवा हात मनगटापर्यंत स्वच्छ होता, त्यात वही. डावा हात खांद्यापर्यंत, बाहीच्या आतपर्यंत, काळा. अंगठ्याशी नांगीने चावल्याची ताजी खूण.

न्हाणीघराचं दार लागलं. पाणी वाहायला लागलं. जेनिव्हाल तिथेच बसून ऐकत राहिला. बराच वेळ वाहत होतं, पण चिखल निघायला तेवढा वेळ लागतोच.